पाऊस खालून येतो

उज्ज्वलाचं नाटक संपलं ते कंपनीच्या बसमध्ये, नवलाख उंबऱ्याचा फाटा यायच्या जरा अलीकडं. संपलं म्हणजे लिहून संपलं. आणि लिहून तरी कसं, तर बोलून. मांडीवर डब्याची पिशवी, तोंडावर ओढणी, ओढणीच्या आत मोबाईल. ही पुटपुटणार आणि मोबाईल टाइप करणार. बसमधल्या बायांना आधी वाटलं, पोरीचं कुणाशी तरी जमलंय. मग एकदा नंदाबाईनं ओढणीच्या आत कान घातला, तेव्हा कळलं की पोरीच्या मोबाईलमध्ये एक मास्तर राहतोय.

त्या दिवसापासून बसमध्ये दुसरा विषयच नाही. बसायच्या आधी प्रश्न, "आज शिस्ते गुरुजी काय म्हणले गं?" शिस्ते गुरुजी हे उज्ज्वलाच्या डोक्यातून निघालेलं माणूस. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, खिशाला लाल पेन, आणि दर दोन वाक्यांमागं एकच मंत्र: हाताची घडी, तोंडावर बोट. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. ड्रायव्हर आरशातून बघायचा आणि त्याला वाटायचं, आपल्यालाच हसतायत.

"संपलं एकदाचं," उज्ज्वला म्हणाली. नंदाबाई म्हणाली, "बॅटरी?" "न्हाई, नाटक." मग काय, अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. दिवसभर पॅकिंगच्या लायनीवर उज्ज्वलाचं लक्ष कशात नव्हतं. खोक्यावर चिकटपट्टी ओढताना ती मनातल्या मनात पडदा ओढत होती.

तिला एकच गोष्ट हवी होती. आपलं नाटक गावच्या यात्रेत, भैरवनाथाच्या समोरच्या स्टेजवर व्हावं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. सांगतो. उज्ज्वला गावातली नव्हे, वर कड्यावरच्या वाडीतली. मागं डोंगर, पुढं एकदम तुटलेला कडा आणि खाली कोकण. वाडीची माणसं गावात यायची ती भात लावायला, लाकूडफाटा विकायला, नाहीतर यात्रेत मागच्या बाजूला उभं राहून बघायला. वाडीच्या पोरीनं लिहावं आणि गावानं पुढं बसून ऐकावं, असं कधी घडलं नव्हतं. यंदा कमिटीनं जाहीर केलं होतं, की लोणावळ्याचा ऑर्केस्ट्रा यायच्या आधी दिवेलागणीला तासभर गावच्या पोरांना द्यायचा. उज्ज्वलानं सगळ्यांच्या आधी हात वर केला होता.

नाटक मोबाईलमधून कागदावर उतरलं आणि मारुतीच्या देवळात कमिटीपुढं वाचन झालं. अध्यक्ष बाजीराव, शेतात गोदाम बांधून आता नुसता फोनवर बोलणारा माणूस, भिंतीला टेकून बसला होता. पहिल्या पानापासून हशा. शिस्ते गुरुजी पोरांच्या नखांची तपासणी करतात, शिस्ते गुरुजी 'आई' या विषयावरचा निबंध फळ्यावर लिहून देतात आणि वर्गातल्या सगळ्या पोरांच्या आया एकाच उंचीच्या, एकाच रंगाच्या निघतात. बाजीरावाच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. मग तो प्रसंग आला. गुरुजी विचारतात, पाऊस कुठून येतो? वाडीची एक पोर उभी राहते आणि कड्याकडं बोट करून म्हणते, खालून येतो. वर्ग फिदीफिदी हसतो. गुरुजी म्हणतात, "चूक. बस खाली." पोर बसते. ती त्या शाळेत परत कधीच तोंड उघडत नाही.

देवळात सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत कुणीतरी जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून टाकलं, "हा तर आपला हौशीराम गुरुजी हाय."

आता हौशीराम गुरुजी म्हणजे काय प्रकरण, ते गावाबाहेरच्याला कळायचं नाही. गावातल्या निम्म्या माणसांचे कान त्यांच्या हाताला ओळखतात. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण अजून ते रस्त्यानं निघाले की मिशीवाले बाप्ये तोंडातली तंबाखू गिळून टाकतात. आणि कहर म्हणजे, यंदाच्या यात्रेत त्याच स्टेजवर, त्याच संध्याकाळी, नाटकाच्या आधी त्यांचा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं आणून झालं होतं.

बाजीरावानं डोळे पुसले, पण आता हसू नव्हतं. "पोरी, नाटक झ्याक हाय. फकस्त मास्तराचा तलाठी कर."

"तलाठी?"

"लोकं लय हसतील. तलाठ्याला हसायला कुणाची ना न्हाई."

"आबा, तलाठी कशाला इचारंल पाऊस कुटनं येतो?"

"मग सातबारा इचारू दे."

उज्ज्वलाला हसावं की रडावं कळेना. ती कागद गोळा करत म्हणाली, "आबा, मास्तर मास्तरच ऱ्हाणार. न्हाईतर नाटक न्हाई." हे बोलून झाल्यावर तिला कळलं आपण कुणाला काय बोललो ते, पण तोवर बोलून झालं होतं. बाजीरावानं मिशी कुरवाळली आणि तो म्हणाला, "गुरुजी उठून गेले, तर तुझ्या नाटकाचं आन् माझ्या यात्रेचं एकदमच वाटोळं. तू बघ."

खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नाटकातली ती पोर ती स्वतः होती. चौथीत असताना तिनं 'खालून' म्हटलं होतं आणि हौशीराम गुरुजींनी 'चूक' म्हटलं होतं. घरी येऊन तिनं आईला, हिरीला, विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "खालनंच येतो की. कोकणातनं कडा चढून आपल्या दारात येतो. रोज बघती न्हवं तू?" म्हणजे डोळे खरे की गुरुजी खरे, हा पेच पोरीच्या पोटात राहिला. ती शाळेत गप्प झाली ती झालीच. गप्प बसून बसून लिहायला लागली, एवढाच काय तो शाळेचा उपकार.

तालमी सुरू झाल्या शाळेच्याच व्हरांड्यात. वाडीच्या पोरीचं काम करायला रूपा, उज्ज्वलाच्या चुलतभावाची मुलगी, सध्या चौथीतच. शिस्ते गुरुजींचं काम तुषारकडं. तुषार आंबीच्या कारखान्यात सुपरवायझर, आवाज असा की मशीन चालू असताना ऐकू जावा. टोपी घातली की डिट्टो. सगळं छान चाललं होतं. मग त्याला कुणीतरी सांगितलं, की सत्कारमूर्ती पुढच्या खुर्चीत बसणार आहेत. दुसऱ्या दिवशी तुषार तालमीला आला तो टोपी हातात घेऊन.

"उज्जे, माझ्यानं न्हाई व्हायचं."

"अरं, यात्रा परवावर आली."

"गुरुजींच्या फुडं गुरुजी? माझी जीभ टाळ्याला चिकटती. काल सपनात आलते. म्हणले, तुषार, पाढे म्हण." एवढा दांडगा गडी, टोपी पायरीवर ठेवून निघून गेला. उज्ज्वला त्या टोपीकडं बघत पायरीवर बसली. डोक्याला हात लावावा तर पोरं बघतायत.

आणि तेवढ्यात पोरं एकदम ताठ झाली. हाताच्या घड्या पडल्या. फाटकातून हौशीराम गुरुजी येत होते.

गावात भिंतीला कान असतात म्हणतात; आमच्याकडं तर भिंतीला तोंडंही आहेत. गुरुजींच्या घरी त्यांच्या बायकोच्या, कस्तुराबाईंच्या, कानावर सगळं कधीच गेलं होतं. गुरुजी आले, पायरीवरची टोपी बघितली, कागद मागितले. उभ्यानंच वाचायला लागले. खिशातून लाल पेन निघालं, एका ऱ्हस्व-दीर्घावर गोल पडला, आणि मग सगळी आपल्या पेनाकडं बघतायत हे लक्षात येऊन त्यांनी ते गुपचूप खिशात ठेवलं. शेवटचं पान वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा शिस्ते मीच का?"

उज्ज्वलानं या प्रश्नाला द्यायचं खोटं उत्तर आठवडाभर पाठ केलं होतं. काल्पनिक पात्र, गुरुजी, कुणाशी संबंध नाही, वगैरे. तोंडातून निघालं भलतंच. "टोपी तुमची हाय, गुरुजी. बाकीची शाळा हाय."

"आणि ही पोर?"

"मी."

गुरुजींनी आपली टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. बराच वेळ आठवण्याचा प्रयत्न करत राहिले. "मला आठवत नाही," ते म्हणाले. "खरंच आठवत नाही गं."

हे मात्र उज्ज्वलाला लागलं. त्यांनी रागावावं, नाही म्हणावं, याला ती तयार होती. जी गोष्ट तिनं इतकी वर्षं पोटात सांभाळली, ती त्यांना आठवतसुद्धा नाही, याला ती तयार नव्हती.

गुरुजी पायरीवर बसले. "गेल्या पावसाळ्यात नातवाला लोणावळ्याला पॉइंटवर नेलं होतं. सार्थकला. माणसं रेलिंगला चिकटलेली, सगळ्यांचे मोबाईल वर. खालच्या दरीतून ढग चढून आले आणि सगळ्यांना भिजवून गेले. सार्थक म्हणाला, आबा, पाऊस खालून येतोय. मी म्हटलं, हो रे. आणि कणीस खाल्लं. तेव्हाही मला काही आठवलं नाही." मग म्हणाले, "पण तू मला दुष्ट केलंयस."

"न्हाई गुरुजी. दुष्ट असता तर सोपं व्हतं. नीट वाचा. तो पोरांना सवताच्या खर्चानं वह्या आणतो. तापानं फणफणलेल्या पोराला खांद्यावर घेऊन वाडीपतोर चढतो. ती बी टोपी तुमचीच हाय. आन् तरी तो चूक म्हणतो."

"का म्हणतो?"

"पुस्तकात ढग हाय म्हणून. तपासणीला साहेब येणार, तो ढगच इचारणार म्हणून. खिडकी उघडी हाय, समोर कडा हाय, आन् सगळी फळ्याकडं तोंड करून बसल्यात. मास्तर पण."  गुरुजींपुढं एवढं सलग उज्ज्वला जन्मात बोलली नव्हती.

गुरुजींनी पायरीवरची टोपी उचलली. "ही कुणाची?"

"तुषारची. पळाला."

"का?"

"तुमाला भिऊन."

गुरुजी आधी हसले, मग त्यांचं हसू मावळलं. "म्हणजे माझं सोंगसुद्धा कुणी घेईना. हे कागद ठेवतो. मी करतो."

उज्ज्वलाला वाटलं, आपण चुकून दुसरंच काही ऐकलं. पण गुरुजी उभे राहिले होते आणि रूपाला बाकावर बसायची जागा दाखवत होते. काय सांगू, पुढचे दोन दिवस म्हणजे नुसती दिवाळी. गुरुजींना पाठांतराला आठवडा नव्हे, एक वाचन पुरलं. नखं बघायचा प्रसंग त्यांनी असा केला की पोरं हसता हसता बाकाखाली गेली. उज्ज्वलाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. फक्त एका जागी गाडी अडायची. रूपा म्हणायची, "खालून येतो," आणि गुरुजी थांबायचे.

"इथं बदल कर," शेवटच्या तालमीला ते म्हणाले. "मास्तर म्हणतो, शाब्बास. लोकांना बरं वाटेल."

"लोकांना वाटंल, गुरुजी. तुमाला बी वाटंल."

"मग?"

"तुमी त्या दिशी शाब्बास म्हणला न्हाई."

गुरुजी आपले कागद घडी करून खिशात घालताना एवढंच म्हणाले, "यात्रेत बघू." आता या 'बघू'चा अर्थ काय घ्यायचा? शाब्बास म्हटलं, की शिस्ते गुरुजी सुधारणार, गाव टाळ्या वाजवणार, आणि ती चौथीतली पोर परत एकदा खोटी पडणार. 

यात्रेला गर्दी कोण गर्दी. दुपारचा कुस्त्यांचा आखाडा संपून माणसं तशीच स्टेजपुढं येऊन बसलेली, अंगाला लाल माती, हातात भेळेचे कागद. वाडीची माणसं नेहमीसारखी मागं, हिरी त्यांच्यात. आधी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. बाजीरावानं लांबलचक भाषण केलं आणि गुरुजींना पुढच्या खुर्चीकडं हात दाखवला. गुरुजी खुर्चीकडं गेलेच नाहीत. शाल काखेत मारून ते स्टेजमागच्या अंधारात शिरले. गर्दीत कुजबुज झाली, गुरुजी गेले, गुरुजी रागावले. बाजीरावानं कपाळावर हात मारला.

आणि पडदा सरकला तर काय. फळ्यापुढं पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, लाल पेन. साक्षात हौशीराम गुरुजी, शिस्ते गुरुजी झालेले. गावाला क्षणभर कळेना, हसायचं की तंबाखू गिळायची. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि बांध फुटला. निबंधाच्या प्रसंगाला तर माणसं मांड्या बडवत होती. तुषार सगळ्यांत मोठ्यानं हसत होता, लबाड.

मग गुरुजी पुढं आले आणि आवाज चढवला. "हाताची घडी..."

पुढचं कुणी लिहिलं नव्हतं. अख्ख्या यात्रेनं एका आवाजात उत्तर दिलं, "तोंडावर बोट." आणि नुसतं म्हटलं नाही, तर केलं. पहिलवानांनी केलं, सुनांनी केलं, बाजीरावानं मिशीखाली बोट ठेवलं. तुषारनं तर डोळेसुद्धा मिटले. एवढं मोठं मैदान आणि चिडीचूप. बोलत राहिली ती फक्त जी कधी शाळेत गेलीच नव्हती तेवढी माणसं. मागून हिरीचा आवाज आला, "काय झालं गं? सगळी मुकी का झाली?"

पडद्याआड उज्ज्वला उभी होती. तिचंही बोट तिच्या ओठावर होतं. तिनं ते झटकन खाली घेतलं.

"पाऊस कुठून येतो?" गुरुजींनी विचारलं.

रूपा उठली. तिनं बोट लांब करून मावळतीकडं दाखवलं, जिकडं खरोखरच कडा आहे. "खालून येतो, गुरुजी. कोकणातून. कडा चढून येतो."

"बरोबर बोलली की पोर," मागून हिरी म्हणाली.

गुरुजी थांबले. तालमीत थांबायचे तसेच. त्यांनी पडद्याकडं पाहिलं. उज्ज्वलाच्या हातात कागद होते, तिनं ओळ पुरवायला हवी होती. तिनं पुरवली नाही. ती नुसती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि तिच्या मनात एकच चाललं होतं: म्हणा गुरुजी, तुम्हीच म्हणा.

"चूक," हौशीराम गुरुजी म्हणाले. "बस खाली."

तोच आवाज. जसाच्या तसा. उज्ज्वलाचे गुडघे आपोआप वाकले. रूपा बसली, हाताची घडी घातली, ओठांवर बोट ठेवलं. गुरुजी फळ्याकडं वळले आणि लिहायला लागले: पाऊस ढगांतून येतो. खडू मध्येच मोडला. उरलेल्या तुकड्यानं त्यांनी वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला, आणि गावाकडं पाठ करून तसेच उभे राहिले. घंटा झाली. पडदा सरकला.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आधी ओठांवरची बोटं उतरावी लागली. मग आल्या त्या अशा आल्या, की देवळावरची पाखरं उडाली. बाजीराव उभा राहून वाजवत होता. आपण तलाठी करायला सांगितलं होतं, हे तो आता कुणाला सांगणार नव्हता.

स्टेजमागं उज्ज्वला ऑर्केस्ट्राच्या सामानाच्या पेटीवर बसली होती. रडत होती आणि हसत होती, दोन्ही. गुरुजी टोपी काढून आत आले. घामानं सदरा भिजलेला. ते तिच्यापुढं येऊन उभे राहिले.

"उज्ज्वला, उभी राहा."

ती उठली. सवयीनं हाताची घडी पडली.

"पाऊस कुठून येतो?"

बाहेर ऑर्केस्ट्रावाला माइकवर हॅलो हॅलो करत होता. उज्ज्वलानं हाताची घडी सोडली. "खालनं येतो, गुरुजी. कोकणातनं."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. त्यामागं त्यांच्या तोंडात 'बस खाली' आलंच होतं, इतक्या वर्षांची सवय ती. त्यांनी ते गिळलं. "पुढं सांग."

"पुढं?"

"त्या दिवशी तू आणखी काही सांगणार होतीस. मी तुला बसवलं म्हणून राहिलं असेल. ते सांग."

उज्ज्वला सांगायला लागली. आधी दरीतनं वास कसा येतो, मग खालची गावं कशी पुसत जातात, मग ढग दाराशी येतो तेव्हा कोंबड्या कशा आत पळतात, आणि आई चुलीवर सुकं लाकूड आधीच कसं ओढून ठेवते. बाजीराव स्टेज रिकामं करा म्हणून ओरडत आला आणि काय चाललंय ते बघून तसाच मागं फिरला. उज्ज्वला उभी होती आणि बोलत होती. हौशीराम गुरुजी पेटीवर खाली बसले आणि ऐकत राहिले.